पवनचक्की मोठी केली तर खर्च किती वाढतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवनचक्कीच्या खर्चाचा अंदाज बांधणारे विद्यार्थी, डोंगरावर जमीन असलेले शेतकरी, जुने पंखे बदलायच्या विचारात असलेले मालक, असे बरेच जण मला जवळपास सारखेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण घोटाळा नेमका तिथेच होतो.

दुप्पट क्षमतेची पवनचक्की म्हणजे दुप्पट खर्च, असं धरून चालेल का?

नाही. अंदाज चुकण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. पवनचक्की ही एक वस्तू नाही. पाती, ती जिथे जोडलेली असतात तो हब, गिअरबॉक्स, जनरेटर, टॉवर, पाया, रस्ता, क्रेन, केबल अशा पंधरा-वीस वेगवेगळ्या खर्चांची ती बेरीज आहे, आणि आकार वाढला की प्रत्येक भाग आपापल्या गतीने महागतो. जनरेटर क्षमतेच्या प्रमाणात वाढतो. पात्यांचं वजन त्याहून वेगाने वाढतं. पायाचा खर्च मात्र बराच सावकाश चढतो. म्हणून एकूण खर्चाला एकच गुणक लावायचा नाही. प्रत्येक भागाचं सूत्र वेगळं मांडायचं आणि बेरीज सर्वात शेवटी करायची.

अशी सूत्रं तयार मिळतात का?

मिळतात. अमेरिकेच्या नॅशनल रिन्युएबल एनर्जी लॅबोरेटरीने (पुढे नुसतं ‘प्रयोगशाळा’ म्हणतो) डिसेंबर २००६ मध्ये असं एक प्रारूप खुलं केलं. सगळे आकडे २००२ च्या डॉलरमध्ये आहेत. आधाराला घेतलेलं यंत्र १.५ मेगावॅटचं आहे, रोटरचा (पाती फिरतात त्या वर्तुळाचा) व्यास ७० मीटर आणि हबची उंची ६५ मीटर. प्रारूप जुनं आहे, तरी शिकायला आजही मला तेच आवडतं. त्यात काहीही लपवलेलं नाही, आणि कागद-पेन्सिल घेऊन तासाभरात पूर्ण हिशोब करता येतो.

त्या आधार-यंत्राचा हिशोब असा होता: टर्बाइन (म्हणजे टॉवरसकट यंत्र) १० लाख ३६ हजार डॉलर, आणि पाया, वाहतूक, रस्ते, उभारणी, विजेची जोडणी, परवाने मिळून ३ लाख ६७ हजार. एकूण १४ लाख ३ हजार डॉलर, म्हणजे किलोवॅटला ९३५ डॉलर. तीन पाती १ लाख ५२ हजारांची, गिअरबॉक्स १ लाख ५३ हजारांचा, टॉवर १ लाख ४७ हजारांचा, वीज नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक्स १ लाख १९ हजारांची आणि पाया फक्त ४६ हजारांचा.

डोंगरावर डौलाने फिरणारी ती भलीमोठी पाती एकूण खर्चाच्या जेमतेम ११ टक्के होती! पहिल्यांदा हे पाहताना माझाही विश्वास बसला नव्हता.

‘वर्ग-घन नियम’ म्हणजे नेमकं काय?

वाऱ्यातून मिळणारी ऊर्जा पाती ज्या वर्तुळातून फिरतात त्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. म्हणजे व्यास दुप्पट केला की ऊर्जा चौपट. पातं मात्र लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही दिशांनी वाढवावं लागतं, त्यामुळे वजन आठपट. कमाई वर्गाने वाढते आणि माल घनाने.

जुन्या वाड्यातली तुळई आठवा. दहा फुटी खोलीला पुरणारी तुळई वीस फुटी खोलीला नुसती लांब करून चालत नाही, जाडही करावी लागते, आणि मग तिला स्वतःचंच वजन पेलावं लागतं. पात्याचं तसंच आहे, उलट थोडं वाईटच. स्वतःच्या वजनामुळे मुळाशी येणारा वाकवणारा जोर लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि तो सोसायची छेदाची ताकद तिसऱ्या घाताने. म्हणजे सगळं प्रमाणात मोठं केलं तरी मुळाशी ताण वाढतच राहतो. शिवाय प्रत्येक फेरीत पातं एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने लोंबकळतं. वीस वर्षांत अशा कोट्यवधी फेऱ्या होतात.

मग हा नियम असूनही पवनचक्क्या इतक्या मोठ्या कशा झाल्या?

भारतात १९८६ साली पवनऊर्जेचे पहिले प्रकल्प उभे राहिले तेव्हा यंत्रं ५५ किलोवॅटची होती. डेन्मार्कमध्ये विंडेबी इथे १९९१ साली समुद्रातला पहिला प्रकल्प झाला, त्यात ४५० किलोवॅटच्या ११ चक्क्या होत्या. आज व्हेस्टास या डॅनिश कंपनीच्या समुद्री यंत्राचा व्यास २३६ मीटर आणि क्षमता १५ मेगावॅट आहे. वर्ग-घन नियम खोटा नाही, पण त्याची एक अट आहे: रचना तीच ठेवून फक्त आकार वाढवला तर तो लागू होतो. अभियंत्यांनी दर पिढीला रचनाच बदलली.

प्रयोगशाळेच्या प्रारूपात हे छान दिसतं, कारण पात्याच्या वजनाची तिथे दोन सूत्रं आहेत. जुन्या रचनेत एका पात्याचं वजन किलोमध्ये काढायला रोटरच्या त्रिज्येचा (मीटरमध्ये) २.९१५८ वा घात घ्यायचा आणि ०.१४५२ ने गुणायचं. सुधारित रचनेत घातांक २.५३ आणि गुणक ०.४९४८. त्रिज्या ३५ मीटर असेल तर पहिल्या सूत्राने साधारण ४.६ टन येतात आणि दुसऱ्याने ४ टन. फार फरक नाही. त्रिज्या ६० मीटर करा: पहिल्याने २२ टनांच्या पुढे, दुसऱ्याने साडेपंधरा टन. रचनेतल्या सुधारणेची खरी किंमत लहान यंत्रात कळत नाही, आकार वाढला की कळते.

ही सुधारणा आली कुठून? मुळाशी जाड वायुछेद (पात्याच्या आडव्या कापाचा आकार) वापरल्याने कमी मालात जास्त ताठरपणा मिळाला. वारा सोसाट्याचा आला की पाती आपल्या अक्षावर पटकन वळवून भार उतरवणारी नियंत्रणं आली. आणि पात्याच्या कण्यात कार्बन फायबर आलं. ते काचतंतूपेक्षा किलोमागे कितीतरी महाग असतं, पण हलकं आणि ताठ असल्याने फार लांब पात्यात शेवटी परवडतं.

सगळं दुप्पट मोठं करून एकदा आकड्यांत दाखवाल का?

दाखवतो. हे उदाहरण स्वतः करून पाहिलंत तर बाकीची अर्धी उत्तरं वाचायची गरज उरणार नाही.

व्यास ७० चा १४० मीटर, हबची उंची ६५ ची १३० मीटर आणि क्षमता १.५ ची ६ मेगावॅट करू. क्षेत्रफळ चौपट झालं. उंचीवर वारा जास्त असतो. सपाट मोकळ्या जमिनीसाठी वापरायचा ढोबळ नियम असा की वेग उंचीच्या एक-सप्तमांश घाताने वाढतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनावर असल्याने उंची दुप्पट केली की प्रति चौरस मीटर शक्ती सुमारे १.३५ पट. दोन्ही मिळून ऊर्जा जास्तीत जास्त ५.४ पट. वारा जोरात असताना यंत्र क्षमतेवरच अडतं, त्यामुळे खरा आकडा ४ आणि ५.४ च्या मध्ये कुठेतरी राहील.

आता खर्चाची बाजू. पात्याचं वजन जुन्या रचनेत ७.५ पट, सुधारित रचनेत ५.८ पट. टॉवरचं वजन क्षेत्रफळ गुणिले उंची या हिशोबाने वाढतं, म्हणजे ८ पट. गिअरबॉक्सचा खर्च क्षमतेच्या १.२४९ व्या घाताने, म्हणजे ५.६ पट. जनरेटर ४ पट. उभारणी ५.१ पट. पाया मात्र फक्त २.३ पट, कारण त्याचा घातांक ०.४०३७ आहे.

प्रत्येक आकडा ५.४ च्या शेजारी ठेवून पाहा. त्याच्या वर आहेत ते भाग मोठं यंत्र महाग करतात, खाली आहेत ते स्वस्त करतात. टॉवर ८ वर बसलाय, त्यामुळे उंच टॉवरची रचना बदलण्यावर एवढी मेहनत का घेतली जाते ते आपोआप समजतं.

गिअरबॉक्स क्षमतेपेक्षा वेगाने का महागतो?

कारण तो शक्तीवर नाही, पिळावर, म्हणजे शाफ्टला फिरवणाऱ्या जोरावर (टॉर्क) ठरतो. आवाजाच्या मर्यादेमुळे जमिनीवरच्या चक्कीत पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला साधारण ७५ ते ८० मीटरच्या आसपास ठेवतात. टोकाचा वेग तोच ठेवून व्यास दुप्पट केला की फेऱ्या निम्म्या होतात. शक्ती चौपट आणि फेऱ्या निम्म्या, म्हणजे पीळ आठपट. सेकंदाला ७५ मीटर धरलं तर आपल्या १.५ मेगावॅटच्या यंत्रात मुख्य शाफ्टवर सुमारे ७०० किलोन्यूटन-मीटर पीळ येतो, ६ मेगावॅटच्या यंत्रात ५,६०० च्या घरात. दातांची रुंदी, बेअरिंग, शाफ्ट, सगळं या आकड्यावर कापलं जातं.

मग गिअरबॉक्सच काढून टाकला तर?

एनरकॉन या जर्मन कंपनीने तेच केलं, आणि त्यांची गिअरलेस यंत्रं आपल्याकडेही भरपूर लागली आहेत. गिअरबॉक्स गेला की तेल बदलणं गेलं, दातांची झीज गेली, मधेच लाखोंचा दुरुस्तीखर्च येण्याची धास्ती गेली. पण जनरेटर आता पात्यांच्याच संथ गतीने फिरतो, म्हणून त्याचा घेर फार मोठा करावा लागतो आणि नॅसेल (टॉवरच्या माथ्यावरची यंत्रांची पेटी) जड होतं. कायमचुंबक वापरले तर वजन घटतं, पण मग त्यात लागणाऱ्या निओडिमियम या दुर्मिळ मूलद्रव्याच्या बाजारभावाशी गाठ पडते. २०१०-११ मध्ये चीनने दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा हे भाव भडकले होते.

माझं मत सांगायचं तर, जिथे दुरुस्तीला पोचणंच महाग आहे, म्हणजे समुद्रात, तिथे गिअरलेसचं पारडं जड. जमिनीवर दोन्ही चालतात. फक्त खरेदीची किंमत बघून निर्णय घेऊ नये, वीस वर्षांच्या देखभालीचा आकडा शेजारी मांडावा.

कोटेशन ‘प्रति मेगावॅट इतके कोटी’ असं येतं. त्यावर तुलना करू का?

एवढ्यावर करू नका. कळकळीने सांगतो.

सुझलॉनची दोन यंत्रं घ्या, एस८८ आणि एस१२०. दोन्ही २.१ मेगावॅटची. पण पहिल्याचा रोटर ८८ मीटर आणि दुसऱ्याचा १२० मीटर. क्षेत्रफळ १.८६ पट! नावापुढची क्षमता तीच, पण मंद वाऱ्यात दुसरं यंत्र कितीतरी जास्त वीज देणार. लोखंड, काचतंतू, टॉवरची उंची जास्त, म्हणून मेगावॅटमागची किंमतही जास्तच असणार. नुसती मेगावॅटवर तुलना केली तर मंद वाऱ्याच्या जागी तुम्ही चुकीचं यंत्र निवडाल.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. २.१ मेगावॅटचं ‘अ’ यंत्र सर्व खर्चासह १२ कोटींना पडतं आणि वर्षाला ४५ लाख युनिट देतं. ‘ब’ १६ कोटींना पडतं आणि ६५ लाख युनिट देतं. मेगावॅटमागे ‘ब’ ३३ टक्के महाग. पण भांडवलाचा वार्षिक भार (व्याज आणि परतफेड मिळून) १२ टक्के धरला तर युनिटमागे ‘अ’ चा भार ३ रुपये २० पैसे आणि ‘ब’ चा २ रुपये ९५ पैसे. महाग दिसणारं यंत्र स्वस्त वीज देतंय.

सूत्र साधं आहे: एकूण भांडवल गुणिले वार्षिक भाराचा दर, भागिले वार्षिक युनिट, अधिक युनिटमागे देखभाल, जमीनभाडं आणि मोठे भाग बदलण्याची तरतूद. कोटेशनमध्ये शेवटच्या तीन गोष्टी नसतील तर मागून घ्या.

उंच टॉवर प्रत्येक ठिकाणी परवडतो का?

नाही. एक-सप्तमांशचा नियम सपाट जमिनीचा आहे. त्यानुसार ८० वरून १२० मीटरला गेलं की वाऱ्यातली शक्ती सुमारे १९ टक्के वाढते. पण कड्यावर वारा चढण चढताना दाबला जाऊन आधीच वेग घेतो, आणि माथ्यावर उंचीनुसार होणारी वाढ बरेचदा कमी असते. त्यामुळे साताऱ्याच्या चाळकेवाडीसारख्या पठारावर उंच टॉवरचे पैसे वसूल होतीलच असं नाही, तर सपाटीवर तोच टॉवर फायद्याचा ठरू शकतो. प्रत्यक्ष वाऱ्याची मोजणी किमान दोन उंचींवर झालेली असेल तरच हा निर्णय घ्या.

पठाराचा आणखी एक मुद्दा राहून जातो. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटर उंचीवर हवा सुमारे १० टक्के विरळ असते. यंत्र क्षमतेला पोचेपर्यंत तेवढी वीज कमी. किनाऱ्यावरचा वीज-उत्पादनाचा तक्ता तसाच घाटमाथ्यावर लावला तर उत्पादन फुगलेलं दिसेल.

टॉवरच्या रचनेतही पर्याय आहेत. नळीसारखा पोलादी टॉवर देखभालीला सोपा, पण उंची वाढली की बुडाचा घेर वाढवावा लागतो, आणि साडेचार मीटरच्या आसपास गेला की रस्त्याने नेणंच अवघड होतं. म्हणून खाली जाळीदार सांगाडा आणि वर नळी असा मिश्र टॉवर सुझलॉनने १४० मीटर उंचीसाठी वापरला. पोलाद वाचतं, सुटे भाग साध्या ट्रकमधून जातात. बदल्यात शेकडो बोल्ट वेळोवेळी तपासावे लागतात.

वाहतुकीचा खर्च किती धरावा?

प्रयोगशाळेच्या सूत्रात १.५ मेगावॅटला किलोवॅटमागे ३४ डॉलर येतात आणि ३ मेगावॅटला तब्बल ८४. क्षमता दुप्पट, वाहतुकीचं बिल पाचपट. पुढे ५ मेगावॅटला हेच सूत्र अव्वाच्या सव्वा आकडा देतं, कारण ते ज्या आकारांसाठी बसवलं त्याच्या बाहेर आपण गेलेलो असतो. कुठलंही सूत्र त्याच्या कक्षेबाहेर ताणू नका, ही सूचना इथे सगळ्यात जास्त लागू पडते.

आपल्याकडे घाट हा वेगळा खर्च आहे. पन्नास-साठ मीटरचं पातं वळणावर फिरवायचं तर कडा छाटावा लागतो, विजेच्या तारा उतरवाव्या लागतात, मोऱ्या मजबूत कराव्या लागतात. तो खर्च पात्याच्या लांबीप्रमाणे हळूहळू वाढत नाही. एका विशिष्ट लांबीपर्यंत जवळजवळ शून्य असतो आणि मग एकदम उडी मारतो. सूत्रात बसत नाही, म्हणून रस्ता प्रत्यक्ष फिरून पाहावा लागतो.

साताऱ्यातले जुने पंखे काढून मोठे लावले तर किती वाचेल?

वनकुसवडे, चाळकेवाडी भागात २२५, ३५० किलोवॅटसारखी लहान यंत्रं उत्तम वाऱ्याच्या जागा अडवून बसली आहेत. केंद्राचं जुनी यंत्रं बदलण्याचं धोरण २०१६ साली आलं, तेव्हा १ मेगावॅट आणि त्याखालची यंत्रं त्यात होती. डिसेंबर २०२३ च्या सुधारित धोरणात ही मर्यादा २ मेगावॅटखाली अशी वाढवली. जागा, वाऱ्याची अनेक वर्षांची नोंद आणि वीजवाहिनी हाताशी असणं ही मोठी बचत.

पण जुना पाया नव्या यंत्राला उपयोगी नाही, तो नव्यानेच घालावा लागतो. रस्ते रुंद करावे लागतात. दोन यंत्रांमधलं अंतर रोटरच्या व्यासाच्या पटीत ठेवायचं असतं, त्यामुळे एका नव्या यंत्रासाठी अनेक जुनी काढावी लागतात. ती वेगवेगळ्या मालकांची असली तर हिशोबापेक्षा वाटाघाटी जास्त वेळ खातात. तांत्रिकदृष्ट्या मला हा राज्यातला सगळ्यात शहाणपणाचा गुंतवणुकीचा पर्याय वाटतो, आणि तो इतका रेंगाळलेला पाहून वाईट वाटतं.

एका मोठ्या रोटरऐवजी चार लहान रोटर एकाच खांबावर लावले तर?

छान प्रश्न! वर्ग-घन नियम इथे उलटा वापरता येतो. तेवढंच क्षेत्रफळ चार रोटरमध्ये वाटलं तर प्रत्येकाचा व्यास निम्मा, वजन एक-अष्टमांश, आणि चौघांचं मिळून मोठ्याच्या निम्मं. व्हेस्टासने २०१६ मध्ये डेन्मार्कला रिसो इथे २२५ किलोवॅटचे चार रोटर एकाच टॉवरवर बसवून चाचणी घेतली होती. अडचण अशी की वाचलेलं वजन रोटर धरून ठेवणाऱ्या हातांमध्ये आणि टॉवरमध्ये परत येतं, आणि देखभालीचे भाग चौपट होतात.

दोन पात्यांच्या रचनेचंही असंच. एक पातं वाचतं, पण यंत्र वाऱ्याच्या दिशेला वळताना बसणारे हिसके हबला सोसावे लागतात. जर्मनीचं ग्रोवियान हे ३ मेगावॅटचं, शंभर मीटर व्यासाचं दोन पात्यांचं यंत्र १९८३ मध्ये सुरू झालं आणि १९८७ मध्ये बंद करावं लागलं. ५५ किलोवॅटच्या काळात एकदम ३ मेगावॅटची उडी घेतली होती.

समुद्रात एवढी प्रचंड यंत्रं आणि जमिनीवर लहान, असं का?

समुद्रात पाया, जहाज, केबल हा खर्च यंत्रागणिक येतो आणि तो टर्बाइनपेक्षाही भारी असतो. यंत्रांची संख्या निम्मी केली की तो बराच घटतो, म्हणून टर्बाइन थोडं महाग झालं तरी चालतं. जमिनीवर पाया स्वस्त आणि रस्ता अरुंद. गणित उलटं पडतं.

२००२ चे डॉलर आजच्या रुपयांत कसे आणायचे?

सगळ्याला एकच महागाईदर लावू नका. टॉवरला पोलादाचा भाव, जनरेटरला तांब्याचा, पात्याला काचतंतू आणि रेझिनचा, पायाला सिमेंट-सळईचा निर्देशांक लावा. अमेरिकेत २००२ ते २००८ दरम्यान टर्बाइनचे दर जवळपास दुप्पट झाले आणि नंतर पुन्हा उतरले. सर्वसाधारण महागाईने हे चढउतार सापडत नाहीत. रुपयांत करताना कर तपासा: पवनचक्कीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी ऑक्टोबर २०२१ मध्ये ५ वरून १२ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा ५ वर आला. मधल्या वर्षांतलं कोटेशन आधाराला घेत असाल तर हा फरक काढून टाका.

घराच्या गच्चीवर लहान चक्की स्वस्त पडेल का?

बहुतेक ठिकाणी नाही. इमारतींमध्ये वारा मंद आणि घुसळलेला असतो, आणि खांब, नियंत्रक, वायरिंग हा खर्च यंत्र लहान केलं म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. तेवढ्या पैशांत सोलर लावा.

एवढं करून अंदाज किती अचूक येतो?

खर्चाची बाजू नीट भागवार मांडली तर दोन रचनांची आपसात तुलना भरवशाची होते. एकट्या यंत्राची रुपयांतली नेमकी किंमत मात्र शेवटी पुरवठादाराच्या कागदावरच कळते. आणि खर्चापेक्षा मोठी चूक वाऱ्यात होते. सरासरी वेगात ५ टक्के चूक झाली की वार्षिक उत्पादनात ती दीड ते दोन पट होऊन येते. माझ्याकडे आलेल्या एका हिशोबात गिअरबॉक्सचा दर दोन दशांश स्थळांपर्यंत काढला होता आणि वाऱ्याचा आकडा तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या डोंगराचा होता. आधी वर्षभर आपल्या डोंगरावर वारा मोजा, मग घातांकांकडे वळा.